पाचशे लिटरचा बंब आणि दहा फुटी गल्ली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कसबा पेठेतली तुमची गल्ली तोंडाशी जेमतेम दहा फूट, आत वळणावर त्याहून अरुंद. अग्निशमन दलाचा मोठा बंब आत येत नाही. म्हणून मंडळाच्या बैठकीत ठरलं की महापालिकेकडे छोट्या बंबाची मागणी करायची. तेवढ्यात एका काकांनी विचारलं, “पाचशे लिटरमध्ये काय विझणार, चूल?” आणि बैठक तिथेच फिसकटली. आता मला विचारताय की काकांचं बरोबर की मंडळाचं.

काकांचा हिशेब बरोबर आहे. फक्त अर्धा आहे. मी एकतीस वर्षं अग्निशमन सेवेत काढली, फायरमन म्हणून लागलो आणि स्टेशन ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. तेव्हा आधी काकांचाच हिशेब पुरा करतो, मग छोट्या बंबाची बाजू घेतो.

आमच्याकडे मुख्य लाईन, म्हणजे पाण्याची नळी, ६३ मिलिमीटरची. तिच्या नोझलमधून मिनिटाला चार-साडेचारशे लिटर पाणी सहज जातं. म्हणजे पाचशे लिटरची टाकी सव्वा मिनिटात खलास. पण खरी गंमत त्याच्या आधीच होते. पंधरा मीटरचा एक होज, म्हणजे या नळीचा एक तुकडा, पाण्याने भरला की त्याच्या पोटात साधारण ४७ लिटर पाणी राहतं. तुमच्या गल्लीत रस्त्यापासून आगीपर्यंत दीडशे मीटर जायचं, तर दहा होज जोडावे लागतात. म्हणजे ४७० लिटर नुसत्या नळीच्या पोटात. नोझलमधून पहिली धार सुटेपर्यंत टाकी कोरडी! मोठ्या बंबाची लहान प्रत काढून गल्लीबाहेर उभी केली, तर ती खरंच चुलीच्या कामाची.

म्हणून छोटा बंब पाणी वेगळ्या पद्धतीने वापरतो, आणि तो आगीच्या जवळ जातो. त्याच्यावर बोटाएवढ्या जाडीचा रीळवरचा होज असतो. तीस मीटर ओढला तरी त्याच्या पोटात आठ-नऊ लिटरच मावतं. त्यातून मिनिटाला शंभर लिटर सोडलं तरी टाकी पाच मिनिटं पुरते. उच्च दाबाची मिस्ट गन असेल, म्हणजे पाणी धुक्यासारखं बारीक करून फेकणारी, तर मिनिटाला वीस-तीस लिटरवर काम भागतं आणि तेच पाचशे लिटर पंधरा-वीस मिनिटं चालतं. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे लिटर जागा व्यापते आणि होताना प्रचंड उष्णता ओढून घेते. बारीक थेंबाची वाफ जागच्या जागी होते. जाड धारेतलं बरंचसं पाणी मात्र आगीला नुसता नमस्कार करून जिन्यावरून खाली वाहून जातं.

आपल्या जुन्या वाड्यांत हे वाहून जाणारं पाणी हा वेगळाच धोका असतो. तळमजल्याच्या भिंती दगडी असल्या तरी वरच्या कित्येक मातीच्या, कच्च्या विटांच्या, वर चुन्याचा गिलावा. सागवानी तुळई बाहेरून कोळसा झाली तरी आतून बराच वेळ उभी राहते. भिंत मात्र भिजली की फुगते, आणि बसते. मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो, वाड्यात आग विझल्यावर जास्त घाबरा. दोन बंब पाणी ओतून झालेलं असतं आणि माणसं “विझलं, विझलं” म्हणत भिंतीला टेकून चहा पीत असतात. तिथे कमी पाण्यात काम करणारा बंब असला, तर निम्मा धोका कमी होतो.

आता वेळेचं सांगतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. पूर्वी घरात लाकूड, कापूस, सतरंज्या असत. आता फोमचा सोफा, फोमची गादी, प्लायवूड, प्लास्टिकच्या खुर्च्या. अशी खोली पेटली की काही मिनिटांतच छताखालचा धूर इतका तापतो की सगळं सामान एकदम पेट घेतं. त्याच्या आधी पोहोचलात तर शंभर-दोनशे लिटरमध्ये आग आवरते. त्याच्या नंतर पोहोचलात तर चार हजार लिटरही कमी पडतात, आणि तोवर शेजारचा पोटमाळा धरलेला असतो. म्हणजे “पाचशे लिटरमध्ये काय विझणार” याचं उत्तर पाचशे लिटर किती वाजता पोहोचले यावर आहे.

एका पेठेतली वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेली खबर, सांगतो. रात्री साडेबारा, वाड्याचा पोटमाळा, वर कापडाचे गठ्ठे आणि जुनी वर्तमानपत्रं. मोठा बंब गल्लीच्या तोंडाशी आला आणि थांबला. बंबाची रुंदी अडीच मीटर, आरसे धरून त्याहून जास्त. गल्ली कागदावर तीन मीटर. पण कागदावरच्या गल्लीत दुचाक्या लावलेल्या नसतात. दोन्ही बाजूंना स्कूटरी, सगळ्या हँडल लॉक करून. दोघं जण मागचं चाक उचलून एकेक गाडी भिंतीला सरकवतायत, एक आजोबा गॅलरीतून ओरडतायत, “ती लाल नका ओढू, किल्ली देतो, किल्ली!” आणि किल्ली खाली पडते ती नेमकी गटाराच्या जाळीवर. आम्ही बंब तिथेच सोडला आणि होज खांद्यावर घेतले. एकेक गुंडाळी कपलिंगसकट दहा-बारा किलोची. नऊ होज टाकले. जोडताना कपलिंगचा ‘खट्’ असा आवाज आला की समजायचं बसलं. सहाव्या जोडाला तो आवाज आला नाही आणि घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही. पाणी सोडल्यावर तोच जोड निसटला. परत बंद, परत जोड, परत चालू. वर्दी मिळाल्यापासून आगीवर पाणी पडेपर्यंत जो वेळ गेला, त्यातला निम्म्याहून जास्त त्या शेवटच्या सव्वाशे मीटरांत गेला. बंब रस्त्यावरून अगदी वेळेत आला होता.

माणसं वाचली, कारण दिंडी दरवाज्याशेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने सगळ्यांना आधीच बाहेर काढलं होतं. वरचा मजला गेला. त्या रात्री तीन माणसं आणि तीनशे लिटर पाणी घेऊन एखादी छोटी गाडी वाड्याच्या दारात गेली असती तर पोटमाळा जाताना खालची खोली राहिली असती, असं मला आजही वाटतं. पण त्या गठ्ठ्यांची आग तिने एकटीने विझवली असती असं मी म्हणणार नाही. कापडाचे गठ्ठे, रद्दी, पुस्तकांचे ढीग आतल्या आत धुमसतात. त्यांना धुकं पुरत नाही. ढीग फोडून, उलटून, भिजवावाच लागतो.

म्हणून छोट्या बंबाचं खरं काम दोन गाड्यांनी मिळून करायचं असतं. छोटी गाडी आत जाते आणि जाता जाता मागे ६३ मिलिमीटरचा होज सोडत जाते. ती पोहोचते तेव्हा लाईन टाकून झालेली असते. तिची माणसं स्वतःच्या टाकीवर रीळ होजने ताबडतोब काम सुरू करतात. मोठा बंब लक्ष्मी रस्त्यावर उभा राहून त्या लाईनमधून छोट्या गाडीच्या टाकीत पाणी ढकलत राहतो, आणि मोठ्याच्या मागे टँकर लागतो. असं जमलं की पाचशे लिटर हा फक्त पहिल्या पाच मिनिटांचा शिधा उरतो. इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: एका लाईनवर दोन नोझल लावून पाणी दुप्पट मागितलं, की होजमध्ये घर्षणाने जाणारा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. वर दर दहा मीटर उंचीला एक बार दाब वेगळा द्यायचा. लांब लाईनवर हाव धरली की दोन्ही नोझल नुसत्या थुंकतात. आत उभ्या असलेल्या छोट्या गाडीचा पंप हा दाब पुन्हा उचलून देतो. माझ्या मते तिचा पंप तिच्या टाकीपेक्षा मोलाचा.

त्यामुळे मागणी करताना टाकी मोठी मागू नका. हा सल्ला उलटा वाटेल. पुण्याजवळच्या एका नगरपालिकेने अशी गाडी घेतली तेव्हा मला बघायला बोलावलं होतं. लहान ट्रकची चॅसी, आणि सभेत कोणीतरी म्हणालं असणार की पाणी जास्त हवं, म्हणून टाकी वाढवत नेलेली. पाण्याचा लिटर म्हणजे किलो. त्यात पंप, शिडी, होज, धुरात श्वास घ्यायचे बी.ए. सेट, चार माणसं. मी गाडीखाली वाकून पाहिलं तर मागचे पाटे सपाट झालेले, टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटांची जागा. चालकाला विचारलं, “उतारावर कशी चालते?” तो म्हणाला, “साहेब, चालत नाही, पळते.” टाकीत पाणी हेलकावू नये म्हणून लावतात ते पडदे एकाऐवजी तीन हवे होते, अर्धी भरलेली टाकी वळणावर पाणी एका बाजूला फेकते आणि लहान गाडी त्या फेकीने उलटू शकते. दोनेक वर्षांनी ती गाडी मला दुभाजकातल्या झाडांना पाणी घालताना दिसली.

बाजारात चॅसी पुष्कळ आहेत. छोटा हत्ती दीड मीटर रुंद, बोळातही शिरतो, पण पाऊण टनाच्या आसपासच भार नेतो. म्हणजे तीनशे-साडेतीनशे लिटर, पंप आणि दोन माणसं, बास. त्याहून थोड्या रुंद पिकअप किंवा ४०७ सारख्या गाड्या दोन मीटरच्या आतबाहेर असतात, त्यांत चार माणसं आणि पुरेसे होज नीट बसतात. जपानमध्ये गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकांकडे ६६० सीसी इंजिनाच्या, १.४८ मीटर रुंदीच्या पिटुकल्या गाड्या असतात. त्यांचा भर पाण्यावर नसतोच. गाडीत उचलता येणारा पंप, होज आणि माणसं; पाणी जागेवरच्या टाकीतून किंवा ओढ्यातून घ्यायचं.

ही पाणी जागेवरून घेण्याची गोष्ट पुण्याला नवी नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने आणलेलं पाणी शहरभर हौदांत खेळवलं होतं. फडके हौद, काळा हौद ही नावं त्यातूनच राहिलीत. आज तुमच्या गल्लीचे हौद म्हणजे सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या. दहा-वीस हजार लिटर तुमच्या पायाखाली असतं आणि झाकणावर कोणीतरी कुंड्या मांडलेल्या असतात. छोट्या गाडीवरचा सुटा पंप उचलून त्या टाकीशी ठेवला आणि सक्शन, म्हणजे पाणी ओढणारा पाइप, आत सोडला की झालं. मर्यादा एकच, पंप हवेच्या दाबावर पाणी ओढतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे व्यवहारात सहा-सात मीटरच्या खालचं पाणी उचलत नाही. टाकीतलं येतं, वाड्याच्या खोल विहिरीतलं नाही.

मोटारसायकलवरच्या बंबाबद्दलही विचारलंय. गर्दीत पेटलेली गाडी, मीटरची पेटी, कचऱ्याचा ढीग, यासाठी चांगला. पण त्यावरून येतात एक-दोन माणसं. धुराने भरलेल्या घरात एकट्याने शिरायचं नसतं, हा आमचा पहिला धडा. मोटारसायकल आधी पोहोचली आणि आत कोणी अडकलंय असं लोक ओरडायला लागले, की त्या जवानावर फार वाईट वेळ येते. तो आत गेला तरी चूक, नाही गेला तरी चूक.

माणसांवरून आठवलं. गाडीची किंमत एकदाच मोजायची असते, माणसांचा पगार दर महिन्याला. चालक, तांडेल म्हणजे फायरमनचा म्होरक्या, आणि दोन फायरमन असे चौघं धरले तरी तीन पाळ्यांचे बारा, आणि सुट्ट्या-आजारपण धरून पंधरा-सोळा. एवढी माणसं मंजूर नसतील तर नवी छोटी गाडी चालवायला मोठ्या बंबावरची माणसं काढली जातात, आणि मग दोन्ही गाड्या अर्ध्या. उद्घाटनाला नारळ फुटतो, हार पडतो, फोटो येतो. पंधरा माणसांचा फोटो कोणी काढत नाही.

आग सोडून बाकीच्या वर्द्या बघा. पहिल्या पावसात रस्त्यावर ऑइल सांडलं आणि दुचाक्या घसरतायत. लिफ्टमध्ये कोणी अडकलंय. झाड पडलंय. संक्रांतीच्या सुमारास मांज्यात घार लटकलीय आणि खाली शंभर माणसं मान वर करून उभी. यांतल्या कशालाही साडेचार हजार लिटर पाणी लागत नाही, तरी कित्येकदा मोठा बंब जातो, कारण स्टेशनात तोच उभा असतो. तो मांज्यातल्या घारीसाठी डेक्कनला गेला आणि तेवढ्यात मंडईत आग लागली तर? छोट्या गाडीचा हा फायदा कोणी मोजत नाही, पण ती मोठ्या बंबाला स्टेशनात ठेवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेताळ टेकडीवर, तळजाईवर गवत पेटतं, तिथेही चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडीच चढते. आणि पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत तर काही ठिकाणी तीही नाही. तिथे शेवटी खांदाच.

गावठाणाबाहेरही हीच रड आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यातल्या धायरी-आंबेगावसारख्या भागांत गुंठेवारीच्या बारा-पंधरा फुटी रस्त्यांवर पाच-पाच मजले उभे आहेत. पेठा निदान दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी वसल्या, त्या वेळी बंब नव्हता. या गल्ल्या तर आपल्या डोळ्यांसमोर झाल्या. तिथे मुख्य स्टेशन होईपर्यंत भाड्याच्या गाळ्यात छोटी गाडी आणि चार माणसं बसवली तरी पहिली पाच मिनिटं हातात येतात.

मात्र छोट्या बंबाकडून जे होणार नाही ते त्याच्या गळ्यात मारू नका. मार्च २०२१ मध्ये कॅम्पातली फॅशन स्ट्रीट जळाली, शेकडो दुकानं काही तासांत गेली. २०१९ मध्ये उरुळी देवाचीला साडीच्या दुकानाला लागलेल्या आगीत ५ कामगार गेले. भवानी पेठेतल्या लाकूड बाजारात २०२३ मध्ये आग लागली. कापड आणि लाकूड एकदा सगळीकडून पेटलं की तिथे टँकरवर टँकर लागतात. छोट्या गाडीने फार तर कडेची घरं थंड ठेवायची. पेटलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीलाही धुकं पुरत नाही. ज्वाळा गेल्या तरी ती आतून तापत राहते आणि बराच वेळ पाण्याखाली ठेवावी लागते.

आणखी एक भीती आहे. नव्या उंच इमारतींभोवती बंबासाठी सहा मीटर मोकळी जागा ठेवायची, ती ४५ टन वजन पेलेल अशी, हे राष्ट्रीय बांधकाम संहितेत आहे. त्या जागेत आधीच कारंजी आणि बाकडी आलीत. छोट्या बंबाचा गाजावाजा झाला की उद्या कोणी म्हणेल, आता छोटा येतोय ना, मग सहा मीटर कशाला? नव्या बांधकामात हे ऐकून घ्यायचं नाही. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला, १८७९ मध्ये विश्रामबागवाडा आणि बुधवारवाडा. जुन्या शहराची रचना आपल्याला बदलता येत नाही म्हणून छोटी गाडी मागायची, नव्या शहरात जुनी चूक करता यावी म्हणून नाही.

तेव्हा मंडळाने अर्ज करावा, पण नुसतं “छोटा बंब द्या” असं लिहू नये. पाच-सहाशे लिटरची टाकी, उच्च दाबाचं रीळ, सुटा पंप, किमान दहा होज आणि माणसांची मंजुरी, हे शब्द अर्जात येऊ द्या. मंडई परिसरात संध्याकाळी आणि दिवाळी-गणपतीत रात्रभर ती गाडी उभी असावी, हेही लिहा. आणि मांडवाचं आपणच बघा. गल्लीच्या तोंडाशी खांब रोवून आत बंब मागायचा, हे शोभत नाही.

अर्जाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. या रविवारी रात्री अकराला दोन पोरं आणि एक टेप घेऊन निघा. दिवसा नको, रात्रीच, सगळ्या दुचाक्या लागल्यावर. गल्लीची सर्वांत अरुंद जागा मोजा: ओटा, विजेची पेटी, कोणाच्या पायऱ्या, जे काही पुढे आलं असेल ते. कमान असेल तर उंची. पाण्याच्या टाक्या कुठे आणि त्यांची झाकणं उघडतात का, ते एका कागदावर काढा. तो कागद जवळच्या अग्निशमन केंद्रात ड्युटीवरच्या अधिकाऱ्याच्या हातात द्या आणि म्हणा, एकदा येऊन लाईन टाकून बघा. ते आले तर त्या दिवशी काकांनाच होज धरायला द्या. पाण्याने भरलेला होज पहिल्यांदा हातात आला की माणूस दोन पावलं मागे सरकतो.